काल घोरलो का, बाई?

सकाळी दार उघडलं की लोकांना पायरीवर दुधाची पिशवी दिसते. मला हिराजी जॉबर दिसतो. गळ्यात टॉवेल, हातात तांब्या आणि चेहरा दहावीचा निकाल बघायला आलेल्या पोरासारखा. राम राम नाही, काही नाही, थेट प्रश्न.

"काल घोरलो का, बाई?"

आता मला सांगा, मी चारचौघांत राहणारी बाई. नवरा आहे, संसार आहे, निम्म्या गल्लीला मी शाळेत बाराखडी शिकवलेली आहे. आणि हा शेजारचा माणूस भल्या सकाळी, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात मला विचारतो की काल तो घोरला का! समोरच्या खोलीत नवे भाडेकरू आले, तेव्हा त्यांच्या बाईने पहिल्याच सकाळी हे ऐकलं. आठवडाभर माझ्याकडे बघेना. शेवटी मीच तिला हाताला धरून घरात आणलं आणि भिंत दाखवली. "ही बघ. अलीकडून माझी खाट, पलीकडून त्याची खाट. मध्ये ही एवढीशी भिंत. कळलं?" तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

आमच्या ह्यांना विचारून उपयोग नाही. ते एकदा झोपले की घरावर दरोडा पडला तरी सकाळी विचारतील, चहा झाला का. माझी झोप मात्र सावध, ओट्यावर मांजर चाललं तरी जाग येते. त्यामुळे साक्षीदार म्हणून नेमणूक माझी झाली. बिनपगारी.

जॉबर हे काही त्याचं आडनाव नाही. भिवंडीत लूम बिघडला की जो माणूस पान्हा घेऊन धावतो त्याला जॉबर म्हणतात. हिराजी मूळचा जवळच्या दिघाशी गावचा, पण उभी हयात गेली ती आमच्या घरामागच्या पावरलूमच्या शेडमध्ये. लूम बिघडला की तो आधी कान लावायचा आणि मग हात. ही सवय त्याने शेडमध्येच ठेवली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तो ती घरी घेऊन आला.

"आवाज म्हंजे घासतंय, बाई. घासतंय म्हंजे एकतर सुकं, न्हायतर ढिलं."

एवढ्या एका वाक्यावर त्याचं सगळं जग चालतं. माझा मिक्सर करकरला: सुकं. आमच्या ह्यांचा गुडघा कटकन वाजला: सुकं. गणपतीतला लाउडस्पीकर: ढिलं. एकदा नाक्यावर कोणी उमेदवार घसा ताणून भाषण करत होता. हिराजी भाजीची पिशवी घेऊन दोन मिनिटं उभा राहिला, मान वाकडी करून ऐकलं, "ढिलं हाय," म्हणाला आणि चालू लागला.

आता ह्या घोरण्याची गंमत ऐका. शेड होती तेव्हा लूम दिवसरात्र चालायचे, एक शिफ्ट गेली की दुसरी. आम्हाला त्या खटाखटीची इतकी सवय की पाहुणे ओरडून का बोलतात तेच कळायचं नाही. रात्री वीज गेली आणि लूम थांबले की अख्खी गल्ली दचकून जागी व्हायची, काय झालं म्हणून. वीज आली, खटाखट सुरू झाली, की पुन्हा सगळे गाढ. अशात कोण घोरतं आणि कोण नाही, कुणाच्या बापाला कळणार?

मग धंदा बसला. मालकाने लूम भंगारात काढले आणि शेडचं गोडाऊन करून भाड्याने दिलं. आता तिथे खोके असतात. खोके काय आवाज करणार!

लूम गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिराजीची बायको, मंदावहिनी, लाल डोळ्यांनी माझ्याकडे आली. "बाई, रात्री आमच्या घरात कायतरी व्हतं. मना वाटलं, कुनी ट्रक आनून दारात चालू ठेवलाय. मी उठले, ह्यांना हलवलं, तर आवाज बंद! हे परत आडवे झाले, तर चालू!" आणि मग तिला असं हसू आलं की पदराने डोळे पुसत खालीच बसली. "सगला संसार झाला, पोरगा इंजिनेर झाला, आन माझा नवरा घोरतो हे मना काल कळलं!"

मी म्हटलं, "उशिरा कळलं ते बरं झालं. आधी कळलं असतं तर इंजिनिअर झालाच नसता."

तिला सवय झाली म्हणा हळूहळू. लुमाची होते तर नवऱ्याची का होणार नाही? पण पुढे सुनेचं बाळंतपण आलं. नितीन, म्हणजे त्यांचा मुलगा, माझ्याच हाताखालून गेलेला, पुण्याला कंपनीत असतो. नवराबायको दोघंही ड्युटीवर जाणारी. मंदावहिनी दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. आता तो नातू भिंत धरून चालायला लागलाय, तरी ती तिकडेच आहे. बाळाला बघणार कोण? मध्ये कधीतरी एका दिवसापुरती येते, डबे घासून ठेवते, मसाला करून ठेवते आणि संध्याकाळी परत जाते. हिराजी तिला स्टँडवर सोडायला जातो आणि येताना माझ्या दारात उगाच थांबतो. "मिक्सर बरा हाय ना, बाई?" म्हणतो. मी म्हणते, बरा आहे. मग तो घरात जातो आणि आतून कडी लावतो. इतक्या संध्याकाळी कडी कशाला लावायची, पण लावतो.

तोही गेला होता एकदा पुण्याला, नातवाचं तोंड बघायला. राहायला म्हणूनच गेला होता, पत्र्याची ट्रंक घेऊन. चौथ्या दिवशी ट्रंकेसकट परत! काय झालं ते त्याने मला त्याच्या भाषेत सांगितलं.

"पयल्या रात्री मी घोरलो, बाई. पोरगं उठलं, जाम रडलं. दुसऱ्या रात्री परत. सूनबाई चांगली हाय, काय बोलली न्हाय. पन चहा देताना डोळे बगितले मी तिचे. मी म्हनलो, हिराजी, आवाज झाकायला आवाज पायजे."

मग ह्या शहाण्याने काय केलं असेल? कुठल्या तरी चालू शेडमधल्या जुन्या दोस्ताला फोन केला, लुमाजवळ मोबाइल धरायला लावला आणि ती खटाखट रेकॉर्ड करून मागवली. तिसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर फोनवर ती लावली. आवाज मोठा व्हावा म्हणून फोन स्टीलच्या डब्यात उभा केला!

"अहो पण का?" मी कपाळावर हात मारला.

"का म्हंजे? नितीनचा पालना शेडच्या भिंतीला टेकून व्हता. लूम बंद झाला की रडायचा तो. मंग त्याच्या पोराला चालाया नको?"

पोराला नाही चालला. पोराने जो टाहो फोडला तो खालच्या मजल्यापर्यंत. खालच्यांना वाटलं, पाण्याचा पंप फुटला. वॉचमन शिट्टी वाजवत वर आला, पाठोपाठ सोसायटीचे चेअरमन अर्ध्या चड्डीत. हिराजी दारात डबा हातात घेऊन उभा. त्याही वेळी तो चेअरमनना म्हणाला म्हणे, "घाबरू नका, मशीन चांगल्या कंडिशनमदे हाय."

दुसऱ्या दिवशी नितीन त्याला गाडीत बसवून द्यायला आला. म्हणाला, "बाबा, तुम्ही आधी घोरण्याचं बघा. ते बंद झालं की या, मग हवं तितकं राहा."

"हवं तितकं म्हनला, बाई," हिराजीने मला तीनतीनदा सांगितलं. "सोताच्या तोंडानं म्हनला." आणि त्या दिवसापासून ह्या माणसाने घोरण्याशी युद्ध पुकारलं.

मी आधी त्याला नाक्यावरच्या डॉक्टरकडे पिटाळलं. म्हटलं, घोरणं म्हणजे नुसता आवाज नसतो, श्वासाचं काही असलं तर? डॉक्टरांनी घसा बघितला, वजन बघितलं, तंबाखूचं विचारलं. रात्री हलकं आणि लवकर जेवा, तंबाखू सोडा, पोट उतरवा, उताणे झोपू नका, असं सांगितलं. वर म्हणाले, झोपेत मध्येच श्वास अडकतो का, गुदमरल्यासारखं होतं का, ते घरातल्यांना विचारून मला सांगा.

तो तसाच माझ्या दारात आला. "बाई, डॉक्टर म्हनला, घरातल्यांना विचारा. घरात कोन हाय? म्हनून तुमाला विचारतो. काल घोरलो का?"

तिथून हे सुरू झालं. श्वास काही अडकत नव्हता, तेवढं मी कान देऊन ऐकलं आणि डॉक्टरांना कळवलंही. पण घोरणं? बाई गं! माझ्या मांडणीवरची ताटं एकमेकांना टेकून किणकिणायची.

डॉक्टरांचे उपाय चार. उरलेले गल्लीचे आणि मोबाइलचे. एकाने सांगितलं, नाकात गायीच्या तुपाचे दोन थेंब सोडा. हिराजीच्या मते तर दुखणंच मुळी 'सुकं' होतं. त्याने लुमाला तेल घालायची लांब चोचीची बुधली घासून-पुसून घेतली, तूप कोमट करून तिच्यात भरलं आणि थेंब कसले, नाकपुडी पूर्ण भरेपर्यंत सोडलं. दुपारपर्यंत शिंकत होता. मी म्हटलं, "हिराजीभाऊ, नाक आहे ते, लूम नाही." तर म्हणतो, "पयलं सर्विसिंग हाय ना, तेल जास्तच पितंय."

उताणं झोपायचं नाही म्हणून त्याने बनियनला पाठीवर खिसा शिवून घेतला आणि त्यात कांडी घातली. कांडी म्हणजे बाण्याचं, कापडातलं आडवं सूत गुंडाळतात ती लाकडी नळी. पाठीवर वळला की ती मणक्यात टोचायची आणि भिंतीपलीकडून आरोळी यायची, "कोन हाय रे!" खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा दिल्या. डोकं वर राहतं म्हणे. राहिलं ना! पण बाकीचा हिराजी रात्रभर खाली घसरायचा. सकाळी पाय खाटेबाहेर अन् गुडघ्यात कळ. विटा गेल्या, दोन उशा आल्या.

आणि शंख! शंख फुंकला की घशाचे स्नायू आवळतात, असं त्याला अंबाडी गावच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. 'ढिलं'वर औषध सापडलं. आता हा उजाडता उजाडता ओटीवर उभा राहून शंख फुंकतो. पहिले काही दिवस नुसतं रेडकू हंबरल्यासारखं यायचं. कुत्री भुंकायची, कावळे उडायचे. मी बाहेर येऊन तोंड सोडलं, "तुमच्या घोरण्याने मी एकटी उठत होते हो, आता अख्खी गल्ली उठते!"

"मंग काय, सकालची हवा चांगली," म्हणाला.

हसण्यावारी नेलं मी हे सगळं, पण एक सांगते. त्याने तंबाखू सोडली. गल्लीत असा एक पुरुष दाखवा ज्याने पोराच्या नुसत्या शब्दाखातर तंबाखू सोडली! रात्रीचं सुकट सोडलं, आणि आमच्या ह्या भागातल्या माणसाने रात्रीचं सुकट सोडणं म्हणजे काय, ते दुसऱ्या कुणाला नाही कळायचं. दिवस मावळायच्या आत एक भाकरी, थोडं वरण, संपलं. पोट उतरवायला रोज पूर्णा गावापर्यंत चालत जायचा. तिथल्या गोडाऊनचे वॉचमन त्याला ओळखायला लागले. "क्या चाचा, रात को नींद आयी?" विचारायचे. हा म्हणायचा, "नींद तो आती है भाई, आवाज बंद होना मंगता है."

एकदा मी भाजणी द्यायला त्याच्या घरी गेले. फळीवर एक लाकडी खेळणं होतं. जुना धोटा, म्हणजे लुमात इकडून तिकडे पळणारा तो होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा, त्याने पॉलिश केला होता, खाली चार चाकं लावली होती आणि पुढे ओढायला लाल सूत बांधलं होतं. मी हातात घेऊन जमिनीवर ढकलला. काय सुरेख पळाला! आवाज म्हणून नाही.

"नातवाला," तो म्हणाला. "जाईन तवा हातानं देनार. घरातल्या घरात पलवल, कुनाची झोपमोड व्हनार न्हाय."

मी ती गाडी जपून फळीवर परत ठेवली. भाजणीचा डबा ठेवला आणि आले.

आणि खरं सांगते, उतरलं हो त्याचं घोरणं. आधी ताटं वाजायची थांबली. मग नुसती घरघर उरली, आमच्या जुन्या फ्रिजएवढी. मग एके रात्री काहीच नाही. मला वाटलं, जागा असेल. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्री मी भिंतीला कान लावला, तर एका लयीत मऊ श्वास, बाळासारखा. मी अजून थोडे दिवस जाऊ दिले. उगाच खोटी आशा नको म्हणून सकाळी विचारलं की "बघू, बघू" म्हणत राहिले. पण आठवडा उलटून गेला आणि माझी खात्री पटली.

त्या सकाळी मी शिरा केला. वाटी घेऊन स्वतःच त्याच्या दारात गेले आणि त्याने विचारायच्या आत म्हटलं, "नाही घोरलात! हिराजीभाऊ, गेला आठवडाभर तुम्ही घोरला नाहीत. पास झालात!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, उडी मारेल, शंख फुंकेल. तो खाटेवर बसला आणि पाठीवरची कांडी काढून हातात फिरवत राहिला.

"अहो बघताय काय? नितीनला फोन लावा. ट्रंक भरा!"

"लावतो," तो म्हणाला. फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. हल्ली त्याला तसंच ऐकू येतं.

"हां बाबा, बोला," नितीनचा आवाज आला. मागे बाळाचा कालवा चालला होता, कुणीतरी बाईमाणूस त्याला भरवत होतं.

"काय न्हाय रे, असाच. जेवला का पोरगा?"

"जेवतोय. बाबा, ते घोरण्याचं कसं आहे?"

मी वाटी घेऊन उभी होते. हसत होते मी. हिराजीने माझ्याकडे बघितलं आणि फोनला म्हणाला, "न्हाय रे अजून. काल तर जाम घोरलो. ह्या काय, बाई इथंच उभ्या हायेत, वरडत आल्यात. इचार त्यांना." आणि त्याने फोन माझ्यापुढे धरला.

त्याचे डोळे नुसते माझ्यावर. असे डोळे मी वर्गात बघितलेत, सांगू नका हो बाई, असे.

"हो रे नितीन," मी म्हटलं. "फार घोरतात. ताटं वाजतात माझी."

पलीकडे नितीनने श्वास सोडला. मी शिकवलंय त्या पोराला. गृहपाठ केलेला नसला आणि मी वही बघायची विसरले की तो अस्साच श्वास सोडायचा. "असू दे बाई," तो म्हणाला, "बाबा, काही घाई नाही हां. सावकाश होईल. तब्येतीला जपा."

"जपतो, जपतो," हिराजी म्हणाला आणि फोन ठेवला.

मला इतका संताप आला. वाटी मी आदळलीच खाटेवर. "हे काय केलंत? तुपात नाक बुडवलंत, तंबाखू सोडलीत, शंख फुंकून गल्लीला वेड लावलंत, ते कशासाठी?"

"बसा बाई," तो म्हणाला. मी बसले नाही. "मी राहून आलोय ना तिथं. एक हॉल, एक बेडरूम. बेडरूममदे ते तिघं. हॉलमदे मंदा, आन सूनबाईची आय पन असते, थकलेली, तिला दुसरं कोन न्हाय. मी कुठं झोपलो म्हाईत हाय? किचनमदे, सिलिंडरला पाय लावून. सूनबाई रात्री पोराचं दूध गरम कराया आली, तर माझ्यावरनं वलांडून जावं लागलं तिला. बिचारी दारातच थांबली, मी उठंपरयंत."

"मग हे आधी का नाही बोललात?"

"वाटलं, घोरनं गेलं की जमल कायतरी. आता खरंच गेलं, तर भीती वाटली." त्याने कांडी पुन्हा बनियनच्या खिशात घातली. "घोरत न्हाय असं सांगितलं, आन तो गप्प झाला, तर? मंग त्याला दुसरं कायतरी कारन शोधाया लागल. बापासाठी कारन शोधाया लावू नये, बाई, पोराला. पोरगा वाईट न्हाय. जागा न्हाय त्याच्याकडं. घोरतो हाय तवर त्याला बी बरं, मना बी बरं. घोरनं जाईल तवा जायचं हाय, असं तरी राहतंय."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. ह्या वयात काय लपवायचं? त्याने टॉवेल पुढे केला, तो मी घेतला नाही, आणि म्हटलं, शिरा थंड होतोय, खा आधी. त्याने खाल्ला. गोड जरा कमी झालाय म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याने ती धोट्याची गाडी नीट खोक्यात बांधली आणि कुरिअरने पुण्याला पाठवून दिली. मला पत्ता लिहून द्यायला सांगितला, अक्षर चांगलं म्हणून. फळीवर आता तिथे शंख असतो.

रात्री पलीकडून काही ऐकू येत नाही. मलाच झोप लागत नाही हल्ली, इतकं शांत असतं. सकाळी दार उघडलं की तो असतो. तसाच टॉवेल, तसाच तांब्या.

"काल घोरलो का, बाई?"

"घोरलात! काय घोरलात हो, डोळ्याला डोळा लागला नाही माझा."

"जाम?"

"जाम."

"मंग अजून औषध कराया पायजे," तो म्हणतो, मान हलवतो आणि शंख आणायला घरात जातो.